न दिसणारी मुळं

बाबांच्या पेन्सिलीची वक्र रेघ आडव्या अक्षाला एकदाच छेदून वर निघून गेली. जन्मभर गणित शिकवलेल्या बाबांना हल्ली जेवल्याचंही आठवत नाही. म्हणून गणित तरी आठवतंय का पाहायला माझ्या मुलीच्या पुस्तकातली एक बहुपदी मी त्यांच्यापुढे ठेवली होती.

"रेघ एकदाच छेदते, म्हणजे मूळ एकच ना, बाबा?"

"घात तीन आहे, म्हणजे मुळं तीन," ते वर्गातल्या जुन्या ठाम आवाजात म्हणाले. "एक वास्तव, दोन संमिश्र. संमिश्र मुळं आलेखावर दिसत नाहीत, पण असतात. तीही मोजायची."

मी त्या एकाच छेदाकडे पाहत राहिले. वाटलं, माणसाच्या मनाचंही असंच असेल. जे वर दिसत नाही, ते आत कुठेतरी असेलच. बाबांच्या मनात मीही असेन. पण गणितात अशी खात्री देता येते, माणसाची कोण देणार?

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. परक्या बाईशी बोलावं तशा अदबीनं त्यांनी मला विचारलं, "समजलं का तुम्हाला?"

त्यांनी मला आजवर कधीच 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"हो, सर," मी म्हणाले.