कवठाचा निकाल

कुंभकोणमला, आमच्या मेलकावेरीच्या घरामागं, नदीकडं उतरणाऱ्या बांधावर एक कवठाचं झाड आहे. कुणी लावलं नाही, कुणी पाणी घातलं नाही, मेलं काट्यांनी भरलेलं. पण सासूबाईंचं अर्धं औषधपाणी त्याच झाडावर चालायचं. जुलाब लागले की कच्च्या कवठाचा गर जिऱ्याबरोबर, पोटात वात धरला की पानांचा काढा, आणि तोंडाची चव गेली की पिकलेल्या कवठात गूळ. बाजारात आम्ही त्याला तमिळमधे विळाम्पळम म्हणायचो, घरात मराठी, म्हणून कवठच.

कवठ पिकलंय का ते वरून दिसत नाही. हातभर उंचीवरून फरशीवर टाकायचं. कच्चं उसळतं, पिकलेलं धप्पकन पडून तिथंच राहतं. एवढं मलाही कळायचं. पण अर्धवट पिकलेल्यांचा निकाल सासूबाईंच्याच कानाला. मी "पिकलंय" म्हटलं की, "तुझे कान माहेरीच राहिलेत गं!" आणि पुन्हा स्वतः टाकून बघायच्या. तीस वर्षं मी दातओठ खात गप्प बसले.

गेल्या वर्षी त्यांनी अंथरूण धरलं. आधी बोलणं थांबलं, मग खाणं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. नळी नको, असं त्यांनी बोलत्या होत्या तेव्हाच हात जोडून सांगितलेलं. मला भीती वाटायला हवी होती. काहीच वाटत नव्हतं. चादर बदलायची, कूस बदलायची, तोंड पुसायचं, एवढं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बांधावरून चार कवठं आणली. मागच्या अंगणात पहिलं टाकलं. आतून, त्यांच्या खोलीतून, आवाज आला.

"कच्चं."

महिनाभरातला पहिला शब्द. मी तेच फळ उचलून पुन्हा टाकलं.

"कच्चं."

अहो, मलाही दिसत होतं! तिसऱ्यांदा टाकलं.

"कच्चं म्हटलं ना! बहिरी झालीस का?"

मग मी बाकीची टाकली. चौथं धप्पकन बसलं. आतून, "हं. हे फोड." गूळ घालून कालवलं, तीन चमचे गेले. नळी टळली.

त्यानंतर त्या अकरा दिवस होत्या. रोज दुपारी मी कवठ टाकायची, त्या निकाल द्यायच्या आणि थोडं खायच्या. गेल्या तेव्हा मी रडले नाही. शेजारच्या बायका माझ्याकडं बघत होत्या. तेराव्याच्या सांबारात मीठ बरोबर पडलं होतं, एवढंच आठवतं.

यंदा झाड पुन्हा लगडलंय. काल हे पापनाशम गावातल्या दुकानात गेल्यावर मी एक कवठ आणलं. हातात घेताच कळलं, कच्चं. तरी टाकलं. उसळून पायरीपाशी गेलं. उचलून आणलं, पुन्हा टाकलं. तिसऱ्यांदा टाकलं आणि खोलीच्या दाराकडं तोंड करून उभी राहिले.

"कच्चं आहे हो, आई," शेवटी मीच मोठ्यानं म्हणाले. तीस वर्षांत पहिल्यांदा निकाल मी दिला, आणि चूक म्हणायला घरात कुणी नव्हतं.