कटरचा कार्बोरेटर

भूकंपात आमच्या घरातलं कुणी गेलं नाही. हे वाक्य आमच्याकडे खाली मान घालूनच बोललं जायचं. तिकडे दक्षिणेला गावंच्या गावं गेली होती आणि आमच्या रेणापूरकडच्या गावात नुसत्या भिंती फाटल्या होत्या. मदत आधी ज्यांचं सगळं गेलं त्यांना मिळाली, ते बरोबरच झालं. पण फाटक्या भिंतींवर मातीचं जड माळवद, त्याखाली झोपायची छाती कुणाची होईना. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माळवद उतरवलं, सागाच्या तुळया अंगणात रचल्या आणि आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. थोड्या दिवसांसाठी. त्या थोड्या दिवसांत मी बी.एस्सी. झालो, लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागलो, आणि आई शेडमध्येच भाकरी थापत राहिली. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की मळलेलं पीठ परातीतच वाळायचं.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. क्लासला नांदेड, परभणी, कंधार, कुठून कुठून पोरं यायची. त्यांचे आईबाप एसटीनं धान्याची पोती घेऊन सोडायला यायचे आणि मला हात जोडायचे. मी इस्त्रीचा शर्ट घालायचो. राहायला कुठे, असं कुणी विचारलं की गावाचं नाव सांगायचो आणि विषय बदलायचो. शेड हा शब्द तोंडातून निघायचा नाही.

शेवटी नव्या घरासाठी गवंडी ठरला. तुळया उभ्या चिरून त्यांचे वासे करायचे होते. आरा मशीनवाल्याने साफ नकार दिला. "जुन्या माळवदाचं लाकूड मी चिरत न्हाई. आत खिळे निघतेत, पातं जातंय माझं." त्याचंही खरं होतं. अण्णांचा उजवा खांदा कामातून गेला होता, त्यामुळे हातकरवतीचं नाव नको. राहिला कटर. भूकंपाचा मलबा उपसायला आलेल्या ठेकेदाराने मजुरीच्या बदल्यात अण्णांना एक जुनी परदेशी चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी साखळीची करवत, दिली होती, तिला गावात कटर म्हणायचे. खिळा लागला तर साखळीचे दात घासून ती पुन्हा चालवता यायची. आणि नेमकी तीच बंद पडली. गवंडी म्हणाला, "आठवड्यात लाकूड तयार ठिवा, न्हाईतर मी उदगीरचं काम धरतो. मंग पावसाळा झाल्यावरच बोला." म्हणजे आणखी एक पावसाळा शेडमध्ये.

मी कार्बोरेटर खोलला. तोंडावरचा हवा गाळायचा स्पंज कधीच गेला होता आणि आत हळदकुंकवाचा थर. खंडेनवमीला आईने कुऱ्हाड, विळे, कुळवाची पास यांच्या ओळीत कटरही पूजेला मांडला होता, आणि ते उघडं तोंड बघून तिथेच बोट टेकवलं होतं. "प्रत्येकाला कपाळ असतंय. ह्याला कुठं लावावं मंग?" असं तिचं म्हणणं. मी ते धुऊन, फुंकून साफ केलं. तरी कटर हूं की चूं करेना. खरं दुखणं पुढे होतं. आत पेट्रोल ओढणारा रुपयाएवढा रबरी पडदा पापडासारखा कडक झाला होता. अण्णा पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळत आले होते. तेव्हा सगळेच मिसळायचे.

तसला पडदा लातुरात नव्हता. हैदराबादला जाणाऱ्या एका ट्रकवाल्याकडून विचारणा केली, तर एवढं जुनं मॉडेल आता कुणी ठेवत नाही असा निरोप आला. मग मी सायकलच्या ट्यूबचा पडदा कापून बसवला. गल्ली जमली. मी दाब म्हणजे काय, पोकळी म्हणजे काय, पडदा कसा हलतो, सगळं सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं तरी. दोरी ओढली, कटर पेटला, साखळी तुळईत शिरली. घटकाभरात आचके देऊन थांबला. उघडून बघतो तर ट्यूबचा तुकडा पेट्रोल पिऊन भज्यासारखा फुगलेला.

एक चुलते म्हणाले, "शिकलेली मशीन हाय बाबा. लेक्चर झालं की सुट्टी घेतीया."

सगळे हसले. मला वाईट वाटू नये म्हणून अण्णाही थोडे हसले. मला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी क्लासचा जिना उतरत होतो, मागेपुढे पोरं. खाली अण्णा उभे. डाव्या खांद्यावर पोतं, पोत्यात कटर, पोत्याला तेलाचे डाग. मी काही बोलायच्या आत त्यांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "नमस्कार, सर. जरा येळ हाय का तुमाला?"

जन्मात त्यांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. एका पोराने अदबीनं विचारलं, "काका, तुमचा मुलगा कोणत्या बॅचला?"

"न्हाई बाबा. मी सरांच्या गावचा."

मी पोरांतून वाट काढत पुढे झालो. खोटं ते बोलले आणि सोय माझी झाली. कान तापले, पण आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं.

स्पेअर पार्टच्या गल्लीकडे निघालो तर ते माझ्या मागे मागे चालायला लागले. मी म्हटलं, "अण्णा, पोतं द्या इकडं."

"शर्ट खराब होईल. चला तुमी म्होरं." ऐकायला आसपास कुणी नव्हतं, तरी तुमीच.

दुकानदाराचा मुलगा माझ्याच बॅचला होता, त्यामुळे खुर्ची पुढे आली. "बसा सर, मी आपला तुमच्या गावचा मानूस," म्हणत अण्णा पायरीवर बसले. पेट्रोलने न फुगणारं रबर कुठे असतं यावर मी रात्रभर डोकं चालवलं होतं. गाडीच्या पेट्रोल पंपातही पडदा असतोच. "जुन्या जीपच्या पंपाचा किट आहे का हो?" मी विचारलं.

"जीप घेतली की काय, सर? आता क्लासवाल्यांचेच दिवस आलेत बुवा!" असं म्हणत त्याने माळ्यावरून धुळीनं माखलेलं पाकीट काढलं. आत रबर चढवलेल्या कापडाच्या चकत्या, एकावर एक. सगळ्यात पातळ चकती मी सुटी केली. जुना पडदा वर ठेवून अण्णांनी पायरीवरच अंगठ्याने दाबून धरला, मी वाकून ब्लेडने त्या मापाचा नवा कापला.  जुन्याच्या मधली धातूची टिकली काढून नव्यावर बसवली.

दुकानदार बघत होता. "काका, गावच्या माणसासाठी सर एवढं करून राहिलेत. भला माणूस हो."

"लई भला," अण्णा म्हणाले. ते मनापासून म्हणाले. चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं, आणि ते कौतुक परक्यासारखं पायरीवर बसून करावं लागत होतं.

मला पुढे बसवेना. मी म्हटलं, "वडील आहेत माझे."

दुकानदाराने एकदा मला बघितलं, एकदा त्यांना. "मग मघापासून सर, सर काय लावलंय, काका?"

अण्णा माझ्यावरच भडकले. "तुला कुणी सांगाया लावलं रं? उद्या पोरं दात काढतील!"

"काढू द्या," मी म्हटलं. आवाज काही फार मोठा निघाला नाही.

दुकानदार पोऱ्याला म्हणाला, "दोन चहा सांग. पहिला बापाला, उरला तर सरला." आणि त्याने अण्णांचा हात धरून त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं. मी उभा राहिलो. तीच माझी जागा होती त्या दिवशी.

कटर रस्त्यावरच चालू केला. आडवा धरला, उलटा धरला, थांबला नाही. समोरून सायकलींवर आमच्या क्लासची पोरं चालली होती, तीही थांबली. सकाळी 'गावचे' म्हणून भेटलेले काका आता मला "आरं, हळू धर, हात कापून घेशील" असं ओरडत होते. पोरांना काय समजायचं ते समजलं. पुढे काही दिवस मी फळ्याकडे वळलो की मागून कुणीतरी "डर्रर्र" करायचं. त्याची लाज नाही वाटली. जिन्याखाली जे सुटल्यासारखं वाटलं होतं, त्याची वाटली, आणि ती काही जात नाही.

आठवडा संपायच्या आत तुळया चिरून झाल्या. गवंडी ठरल्याप्रमाणे आला. पावसाळ्याआधी घरावर छत चढलं, आणि आई, अण्णा आणि मी शेडमधून आमच्या स्वतःच्या घरात राहायला गेलो.