अंगठ्याची साक्ष

खून, दरोडे, घरफोड्या, नोकरीत पुष्कळ तपास केले. त्यातलं निम्म्याहून अधिक विसरलो, आणि विसरलो ते बरंच झालं. मुळशी भागात फौजदार असतानाची ती चिठ्ठ्यांची केस मात्र काही केल्या डोक्यातून जात नाही. साठ साल उजाडायच्या आसपासची गोष्ट.

एके सकाळी ठाण्यात निनावी अर्ज आला. अक्षर मोत्यासारखं, भाषा कचेरीची. खोऱ्यातले पुरुष मुंबईत डबे पोचवायची कामं करतात, त्यांचे पैसे एक इसम गावोगाव आणून देतो, त्याच्याकडे परवाना नाही, पावती नाही, आणि तो अडाणी बायकांचे पैसे मधल्यामध्ये खातो, सबब चौकशी व्हावी. निनावी अर्ज आला म्हणजे कुणाच्या तरी पोटात दुखतंय, हे पोलिसाला पहिल्या वर्षीच कळतं. तरी चौकशी टळत नाही, कारण अर्जाची एक प्रत वर साहेबांकडे गेलेली असते.

इसम लगेच सापडला. सगळे त्याला मामा म्हणत. पन्नाशीचा, स्वतः वीस वर्षं मुंबईत डबे वाहिलेला. महिन्यातून एकदा मुंबईला जायचा आणि प्रत्येकाचे पैसे वेगळ्या फडक्यात गाठ मारून आणायचा. फडक्यावर रंगाची खूण, डब्याच्या झाकणावर असते तशी. मजुरी घ्यायचा, ती मनीऑर्डरीपेक्षा कमी.

समोर बसवून विचारलं, "बायकांचे पैसे खातोस?"

"खाल्लं असतं तर गावात पाय ठिवू दिला असता का, सायेब? इचारा कुनालाबी."

"परवाना कुठाय?"

"गावाला चालत जायला परवाना लागतो व्हय?"

जमादार खुदकन हसले. हसू मलाही आलं होतं, पण दाबलं.

मग जमादारांना घेऊन खोऱ्यात गेलो. दोन दिवस पायपीट केली. एकही बाई तक्रार करीना. "पुरं मिळतंया," एवढंच सांगून आत जायच्या. पोलिसाला बघून माणसं असंच बोलतात, त्यामुळे माझं समाधान होईना. शेवटच्या गावात एक बाई अंगणात भात पाखडत होती. नवरा मुंबईत, पदरी दोन लेकरं, सासू अंथरुणाला खिळलेली. मुंबईहून येणाऱ्या पैशांवर चूल पेटायची. माझा प्रश्न ऐकून तिने सूप खाली आपटलं.

"मामाला चोर म्हनताय? थांबा हितंच!"

आत जाऊन तिने चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणला आणि माझ्या हातात कोंबला. "दर गाठीत धन्याची चिठ्ठी असतीया. जितकं रुपये तितक्या रेघा. रेघा मोजायला साळा लागत न्हाई, फौजदारसायेब. एक रुपाया कदी कमी आला न्हाई. आता बोला!"

मामा चोर नव्हता हे तिने शाबीत केलं होतं. पण रेघांच्या वर दोन ओळी लिहिलेल्या होत्या. आईचं औषध चुकवू नको, म्हैस विकू नको, असला मजकूर. म्हणजे ती पत्रं होती. मोबदला घेऊन पत्रं पोचवायचा हक्क एकट्या टपाल खात्याचा. मामाने नुसते पैसे आणले असते तर आमचं काहीच म्हणणं नसतं. चिठ्ठी आणली, तिथे गुन्हा झाला. अगं बाई, काय करून बसलीस, असं मनात आलं. गठ्ठा तिला परत द्यावा असंही वाटलं, खोटं कशाला सांगू? पण जमादार शेजारी उभे होते, वर अर्जाची प्रत होती. पंचनामा केला, चिठ्ठ्या जप्त केल्या. पुढे टपाल खात्याने रीतसर तक्रार दिली. मामाने गुन्हा कबूल केला, दंड भरला.

कोर्टाबाहेर मी त्याला म्हणालो, "इथून पुढे चिठ्ठी नको. नुसते पैसे ने."

"रेघाच न्हाईत, तर उद्या कुनीबी म्हनंल मामानं खाल्लं. कायदा म्हंतो चिठ्ठी नगं, अर्जवाला म्हंतो मी चोर. मी आपला घरी बसतो, सायेब." आणि खरोखरच घरी बसला.

वरून शाबासकीचा कागद आला. मी तो फाईलला लावला आणि प्रकरण संपलं असं समजलो.

दोनएक महिन्यांनी, बाजाराच्या दिवशी, तीच बाई ठाण्यात आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "धन्याची मनीऑर्डर आलीया. माजा अंगठा. अंगठ्याला सही करनारा साक्षीदार लागतो. टपालाच्या वट्यावर एक जन बसतो, दर अंगठ्याला रुपाया घेतो. न्हाई दिला तर सही न्हाई. मागल्या खेपंला सासूचं औषध राह्यलं." मग वर बघितलं. "चिठ्ठ्या म्याच दिल्या तुमाला. मामाला म्याच बुडीवला. पर आता साक्षीला तुमी चला."

टोपी चढवली आणि गेलो. ओट्यावरचा गृहस्थ लगबगीने उठला. "या, या, साहेब! आपण कशाला तसदी घेतलीत?" त्याच्याच टाकाने मी सही केली. बाजूला दुसऱ्या मनीऑर्डरींचे कागद पडले होते. त्यांवर साक्षीदार म्हणून त्याचं नाव, गाव, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. तो निनावी अर्ज मी इतक्यांदा वाचला होता की ताडून बघायला फाईल उघडावी लागली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या चौकशीत मी या माणसाचंच काम केलं होतं, तेही सरकारी पगारावर.

बाहेर आल्यावर बाईला म्हटलं, "याच्याविरुद्ध फिर्याद दे. मी बघतो त्याच्याकडे."

"आन् तुमची बदली झाली मंजी? सही कुनाकडं मागू?"

मग दर बाजाराच्या दिवशी मी टपालात जाऊ लागलो. सुरुवातीला ती एकटी असायची, नंतर सात-आठ जणी ओट्याखाली वाट बघत बसायच्या. त्या केसनंतर निनावी अर्ज हातात आला की हे बंद पडलं तर कुणाचं चालू होणार, हे मी आधी बघायला लागलो. बरं, हे शहाणपण मला आलं. त्याचा मामाला काय उपयोग?

वर्षाच्या आत बदली झालीच. चार्ज देताना नव्या फौजदारांना कोठडीच्या किल्ल्या दिल्या, मुद्देमाल दाखवला, आणि शेवटी म्हणालो, "बाजाराच्या दिवशी टपालात जाऊन बायकांच्या अंगठ्यांना साक्षीदार राहायचं असतं."

ते मोठ्याने हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.