शिकलेले मासे आणि घाटावरची वाम

सत्यभामामावशींच्या खानावळीतल्या काचेच्या पेटीत ती वाम मीच सोडली. हेतू चांगला होता. माझे सगळे घोटाळे चांगल्या हेतूनेच होतात.

मी जानेफळचा, म्हणजे घाटावरचा. नोकरी मात्र घाटाखाली, खामगावच्या पलीकडे पूर्णेच्या अंगाला, जनावरांच्या दवाखान्यात कारकुनाची. हा सगळा खारपाणपट्टा. इथल्या बोअरच्या पाण्याचा चहा केला की कपात साखर आणि मिठाची कुस्ती लागते. आल्या आल्या माझं पोट जे बिघडलं, ते मावशींनी मऊ भात आणि वरण भरवून ताळ्यावर आणलं. "अजून एक घास," म्हणून दटावणारं माणूस परगावी भेटणं म्हणजे नशीबच. त्याची थोडी परतफेड म्हणून दिवाळीला गावी जाऊन येताना आमच्या धरणातली वीतभर वाम, म्हणजे सापासारखा लांबट मासा, बादलीत घालून एसटीने आणली.

पेटीत आधीचे रहिवासी होते: पिवळे, निळे, भांडखोर मासे. अकोल्याच्या दुकानदाराने त्यांना 'सिक्लिड' म्हटलं, गावाने 'शिकलेले' ऐकलं. "शिकलेले हायेत, म्हणून तं एकमेकाचं तोंड पाह्यत नाईत," असं खानावळीतले रोजचे गिऱ्हाईक पुंजाजी भाकरी मोडता मोडता रोज सांगायचे.

वाम पेटीत गेली आणि थोड्याच वेळात तिच्या अंगावर पांढरट बुळबुळीत थर आला. तोंड पाण्याबाहेर काढून ती धापा टाकू लागली.

"काऊन हो बाबू, सापाले दम लागला का?" पुंजाजींनी विचारलं.

बिचारीला गावचं पाणी हवं असेल, म्हणून चुलीजवळचा गोड्या पाण्याचा जार उचलला आणि अर्धा पेटीत ओतला. वामेला जरा बरं वाटलं असावं, पण शिकलेले एकेक करून कुशीवर कलंडायला लागले.

"झालं!" पुंजाजी म्हणाले. "सारे नापास!"

मावशी पळी हातात घेऊनच बाहेर आल्या. "कोणतं पाणी टाकलं?"

"गोडं."

मावशींनी पळी खाली ठेवली. उरलेलं गोडं पाणी टबात ओतलं, ओल्या फडक्यात धरून वामेला त्यात सोडलं आणि पेटीत तांब्या-तांब्याने बोअरचं पाणी घालत बसल्या.

"ज्या पाण्यात डाळ शिजत नाई, त्यात हे शिकलेले जगतात," त्या म्हणाल्या. "तुमची वाम डाळ शिजणाऱ्या पाण्यातली. एका पेटीत दोघायचं जमत नाई, भाऊ."

"तुम्हाला कसं कळलं?"

"पयले आणले होते, ते म्याच मारले. पाव्हण्याले गोडं पाणी देतो ना आपण? तसंच देलं."

मग आम्ही तिघं पेटीकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने पिवळा सरळ झाला आणि त्याने पहिलं काम काय केलं, तर निळ्याला चावला. पुंजाजींनी टाळी वाजवली. टबातली वाम मावशींनी आडोशाला तिरकी ठेवलेल्या वाटीखाली जाऊन निवांत पडली. डाळ मात्र त्या दिवशी कच्चीच राहिली. सगळ्यांनी ठेच्याशी भाकरी खाल्ली, आणि "आपलं वरण आज वामेनं खाल्लं," हे पुंजाजींनी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

सकाळी जारवाला आला, तेव्हा मी पुढे होऊन म्हटलं, "आजचा माझ्याकडून. काल मावशींचा मी सांडला."

तो हसला. "तो तुमचाच होता, बाबू. तुमचं पोट बिघडलं तवापासून मावशी घेऊन राह्यली. आधी तं बोअरच्याच पाण्यात सोडा टाकून डाळ शिजवे."

मी तसाच आत गेलो. मावशी टबातलं पाणी बदलत होत्या.

"मावशी, इतके दिवस माझ्यासाठी गोडं पाणी आणत होता, आणि एका शब्दाने सांगितलं नाही?"

त्यांनी मानही वर केली नाही.

"वामेले सांगतलं काय म्या?"