एकोणतिसाचा पाढा आणि मृगातला ढग

चार काचा आधीच वाया गेल्या होत्या. पाचवीवर माझी नोकरी येऊन टेकेल असं मात्र मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीच्या एका कारखान्यात मी नुकताच लागलो होतो, कायम व्हायला दोन महिने बाकी होते. वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या होत्या. मागे परस आणि घरात स्वतःचा नळ. बायको त्या नळावर इतकी खूश की येणाऱ्याजाणाऱ्याला सोडून दाखवायची. आणि मी? जुन्या बाजारातून काचेच्या प्लेटांचा कॅमेरा आणून बसलेला येडा. मृग नक्षत्रात ओळीने तीन तारे दिसतात ना, त्यांच्या जरा खाली एक फिकट तेजोमेघ आहे. त्याचा फोटो मला काढायचा होता.

पण कंपनीच्या आवारातले दिवे मेले रात्रभर ढणढणायचे. उजेड लागला की काच काळी पडते. चारही काचा धुतल्यावर तव्यासारख्या काळ्या निघाल्या. म्हणून पाचव्या वेळी मी कपड्यांच्या तारेवर घोंगडी टांगून दिवे अडवले आणि अर्ध्या तासाऐवजी दहाच मिनिटं फोटो घ्यायचं ठरवलं.

तारे सरकतात, तसा कॅमेराही सरकवावा लागतो. दोन फळ्या, मधे बिजागरी, वरच्या फळीवर कॅमेरा आणि ती फळी उचलायला एक लांब स्क्रू. मिनिटाला एक फेरा द्यायचा. घड्याळ बघायला काडी ओढावी तर काच बिघडणार. मग मी पाढा धरला. एकोणतिसाचा. बेचा पाढा तोंडातून पळतो हो, एकोणतिसाचा पळत नाही. सावकाश दोनदा म्हटला की एक मिनिट.

पौषातली रात्र, नऊ वाजलेले. मृग नेमका कंपनीच्या धुराड्यावर आलेला. मी घोंगडीआड उकिडवा बसून पुटपुटतोय, "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी..." शेवटचा फेरा दिला, काचेच्या डबीचं झाकण लावलं, आणि मागून आवाज आला, "काय मोजताय राव?"

कंपनीचा जमादार. पुनावळ्याचा माणूस, मिशा ह्या एवढ्या. कंपनीचा फोटो काढायला सक्त मनाई, तशी फाटकावर पाटीच होती. आणि मी अंधारात दडून, कंपनीकडे कॅमेरा रोखून, आकडे मोजत होतो!

"आकाशाचा फोटो काढतोय," मी म्हणालो.

"अंधाराचा फोटू? कुणाला सांगताय? ती डबी द्या. हापिसात दिव्याखाली उघडून बघतो. सकाळी सायबाफुडं उभं करतो."

उजेडात उघडली तर काच काळी होणार, आणि साहेब म्हणणार, यानेच पुरावा नासवला. नोकरी गेली, खोल्या गेल्या, नळ गेला. बायको दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

"इथंच धुतो, जमादार. तुमच्यासमोर," मी म्हणालो.

न्हाणीत आम्ही दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसलो. पतंगाचा लाल कागद गुंडाळलेला कंदील, तेवढा लाल उजेड काचेला चालतो; पुढ्यात औषधाच्या पाण्याच्या दोन पराती. जमादाराने सवयीने बिडी काढली.

"अहो, काडी नका ओढू!" मी असा ओरडलो की बिडी परातीत पडता पडता राहिली.

मी काच पहिल्या पाण्यात हलवत राहिलो. हीही काळी निघाली तर काय दाखवणार होतो मी? हळूहळू बारीक काळे ठिपके उमटले. मग ठिपक्यांखाली एक धुरकट डाग.

"ह्यो धूर हाय. धुराड्याचा," जमादार म्हणाला.

"तारे आहेत हो! काचेवर सगळं उलटं दिसतं, तारे काळे."

काच पक्की करणाऱ्या दुसऱ्या पाण्यातून काढल्यावर त्याने काच कंदिलासमोर धरली. बोट ठिपक्यांवरून फिरवत गेला. मग त्याचं बोट थांबलं. "ही तिकांडं दिसत्यात."

"हो! तीच! ओळीतले तीन तारे!"

तो तरातरा परसात गेला. एकदा वर बघ, एकदा काचेकडे बघ. "व्हय की! लहानपणी ज्वारी राखाया जायचो, तवा बा तिकांडं बघून येळ सांगायचा. कंपनीत लागल्यापासनं वर बघितलंच न्हाई बगा." ओली काच त्याने जपून माझ्या हातात दिली. "सायबाला म्या काय सांगत न्हाई. पर फुडच्या खेपेला मला आदी सांगा. मागल्या अंगाच्या दिव्यावर पत्रा लावून देतो."

तो गेला आणि मी पायरीवर मटकन बसलो. हुश्श! इतकं सुटल्यासारखं आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही. मी हसतच सुटलो. नोकरी राहिली, खोल्या राहिल्या. नळ राहिला म्हणून तर मी तो एकदा सोडूनही बघितला.

बायको माझ्याकडची काच घेऊन कंदिलाशी धरून बघत होती. "अहो," ती म्हणाली, "पण ह्या तिघांच्या खाली हे पुसटसं काय आलंय?"

मी तिच्या हातातली काच घेतली. तेजोमेघ आला होता, आणि मी तो बघायचाच विसरलो होतो.