साहेब हात वर का करत नव्हते

मीरा, निखिल, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, दुसऱ्या देशात माणसांचे हाल चाललेत, मग आपलं सरकार मतदानात तटस्थ का राहतं?" तटस्थ म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. मला उत्तर देता आलं नाही. लिहूनही नीट देता येईल असं नाही. पण हाच प्रश्न मी एकदा भर सभेत एका साहेबांना विचारला होता, तोही दुसऱ्याच्या वतीनं. ते सांगते.

१९७२ साल. युगांडाच्या हुकूमशहानं तिथल्या आशियाई लोकांना मुदत देऊन देश सोडायला सांगितला होता. मी नगरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. पाहुणा इंग्रजीत बोलणार असला की दुभाषी मीच. दिल्लीच्या परराष्ट्र खात्यातले एक अधिकारी नगरजवळच्या भिंगारच्या छावणीत, लष्करातल्या भावाकडे आले होते. आमच्या प्रिन्सिपॉलांनी त्यांना व्याख्यानाला पकडून आणलं.

दुभाष्याचा एक नियम असतो. साहेब 'मी' म्हणाले की आपणही 'मी'च म्हणायचं. स्वतःचं मत, ओळखपाळख बाजूला.

व्याख्यान संपलं आणि मार्थाबाई उठल्या. श्रीरामपूरच्या शाळेत शिकवायच्या, माझी जुनी मैत्रीण. त्यांचा मुलगा शमुवेल युगांडाच्या राजधानीत, कंपालात मास्तर. कित्येक दिवस त्याचं पत्र नव्हतं.

"कमलताई, साहेबांना विचारा, युनोत युगांडाविरुद्ध ठराव आला तर आपण हात वर करणार का?"

मी विचारलं. साहेब बोलले. मग मार्थाबाईंकडे बघून मी म्हणाले, "मी तसा सल्ला देणार नाही. ही त्या देशाची अंतर्गत बाब आहे. आज आपण दुसऱ्याविरुद्ध ठराव आणला, तर उद्या आपल्याविरुद्धही येईल."

मार्थाबाई साहेबांकडे नाही, माझ्याकडेच बघत राहिल्या.

मागून राहुरीकडचे एक बागाईतदार ओरडले, "ओ बाई, गेल्या साली बंगालच्या टायमाला ह्याच हालमधी तुमीच म्हनला हुता, जगानं गप बसू न्हाई. औंदा काय झालं?"

खरंच म्हणाले होते. म्हणजे दुसरे पाहुणे म्हणाले होते, मी मराठीत सांगितलं होतं. तेव्हा, बांगलादेशच्या लढ्याच्या वेळी, 'अंतर्गत बाब' असं पाकिस्तान म्हणत होतं.

साहेबांचं उत्तर मी सांगितलं, "गेल्या वर्षी लाखो निर्वासित आमच्या दारात आले होते."

"मंग दार लांब असलं की मानसाचे हाल कमी हुत्यात व्हय?"

हशा झाला. साहेब भाषांतराची वाट बघत होते. मार्थाबाई खाली बसल्या.

चहाच्या वेळी साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "ठराव आला की तो हुकूमशहा चिडतो आणि राग तिथं उरलेल्यांवर काढतो. त्या बाईंच्या मुलाचं नाव सांगा. तिथल्या आपल्या वकिलातीत माझा मित्र आहे."

मी मार्थाबाईंना सांगितलं.

"मग हे व्यासपीठावरून का नाही बोलले?"

"तिथं ते सरकार होते."

"आणि चहा पिताना कोण आहेत?"

मी कागद पुढे केला आणि त्यांनी त्यावर शमुवेलचं नाव लिहून दिलं.

दिवाळीच्या सुमारास शमुवेल मुंबईच्या धक्क्यावर उतरला. वाटेत सैनिकांनी घड्याळ, पैसे, सगळं काढून घेतलं होतं. तो धड होता. म्हणाला, "वकिलातीबाहेरच्या रांगेत एकानं माझं नाव पुकारलं आणि पुढं घेतलं. का, ते कळलं नाही." मार्थाबाईंनी देवाचे आभार मानले. मी मात्र त्याच्या मागे रांगेत राहिलेल्यांचा विचार करत होते. त्यांच्या आयांना कुठला साहेब भेटला असेल?

सरकार गप्प असलं म्हणजे काहीच करत नसतं, असं नाही. पण ते काय करतं, याचा उपयोग ओळख असलेल्यांनाच होतो. ठरावानं बाकीच्यांचं भलं झालं असतं की हाल वाढले असते, ते मला आजही ठरवता येत नाही.

मार्थाबाई गेल्या. शमुवेल आता थकलाय. श्रीरामपुरात राहतो, आणि गल्लीतल्या मुलांना अजून इंग्रजी शिकवतो.