मनमोहन धैर्यवान दोष शोधतो

आमच्या परळच्या कचेरीत शहाण्यांचा दुष्काळ कधीच नव्हता. छप्पन साली कंपनीने कार्डांचं यंत्र आणलं तेव्हा तर जो तो शास्त्रज्ञच झाला. माणशी महिन्याचं एक कार्ड. ज्या दिवशी तुम्ही गैरहजर, त्या दिवसाच्या रकान्यात भोक. यंत्राला एक फळा होता. त्यात तारा खोचून सांगायचं, अमुक रकान्यात भोक असलेली कार्डं निवड. मग यंत्र धडाधड नावं छापायचं. छापलेलं खोटं कसं असेल, असं विचारणारे पदवीधर मी या डोळ्यांनी पाहिलेत.

काही चुकलं की मनमोहन धैर्यवानला हाक. गिरगावातला, जातीने पाठारे प्रभू, एके काळी घरच्या तीन चाळी होत्या म्हणे. आता माझ्यासारखाच हंगामी कारकून. त्याची दोष शोधायची पद्धत बघून लोकांचा जीव जायचा. एकच कार्ड घालायचं, यंत्र थांबवायचं, काय छापलं ते वहीत लिहायचं. मग दुसरं. तार म्हणून हलवायची नाही. "आधी बघू दे काय होतंय ते," म्हणायचा. "आत्ताच हलवलं तर काय चुकलं होतं ते कळणारच नाही."

आणि लोकांच्या अपेक्षा काय विचारता! साहेबांना दोष हवा, पण यंत्र न थांबवता. हेडक्लार्क रमाकांतला हवा, पण दुसऱ्याच्या टेबलावर सापडलेला. बाकीच्यांना वाटायचं, ह्याने नुसतं बघावं आणि यंत्र सुतासारखं सरळ व्हावं. अरे, तो काय मांत्रिक होता?

त्या वर्षी संयुक्त महाराष्ट्रासाठी वीस तारखेला हरताळ झाला. कंपनीने फर्मान काढलं: त्या दिवशी न आलेल्यांची यादी करा, कायम असतील त्यांना ताकीद, हंगामी असतील त्यांना घरी. रमाकांतने ऐटीत तारा खोचल्या. यादी निघाली. त्यात हंगामी एकच, शकू कर्णिक. कार्डांना भोकं पाडणारी आमची शकू! हरताळाच्या दिवशी बसगाड्या बंद, तर ही दादरहून पायपीट करत आलेली. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, धाकटी दोन भावंडं, कमावती ही एकटी.

"अहो धैर्यवान, माझं तेवढं नाव काढा हो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"नाव काढणं माझं काम नाही, शकूबाई. ते आलं कसं ते दाखवतो."

कपाळ माझं! दोन शब्द धीराचे बोलेल तर शपथ.

साहेब कुरकुरले, "छापून झालीय यादी. एका मुलीसाठी यंत्र थांबवायचं?"

"थांबवल्याशिवाय दिसणार नाही, सर."

मी त्याला जिन्यात गाठलं. "मन्या, वेड लागलंय का तुला? वीस तारखेला तू आणि मी दोघं शिवाजी पार्कवर होतो. तुझं नाव यादीत नाही, नशीब समज. गप बस की!"

"शकूबाईंचं आहे ना."

"मग तिचं कार्ड बदल हळूच."

"आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाचं?" म्हणाला आणि वर गेला.

सबंध सकाळ तो एकेक कार्ड घालत बसला. चौथ्या कार्डाशीच त्याने मान डोलावली, तरी गठ्ठा संपेपर्यंत उठला नाही. मग रमाकांतला बोलावून त्याने फळ्यावर बोट ठेवलं. कार्डावरचा पहिला रकाना खात्याचा, तारखा दुसऱ्यापासून सुरू. ह्या महाशयांनी वीस तारखेसाठी विसावा रकाना जोडलेला. म्हणजे छापली गेली एकोणीस तारीख, आणि त्या दिवशी शकू भाचीच्या बारशाला गेली होती! इतकी साधी गोष्ट, आणि एवढ्या ढुढ्ढाचार्यांत एकाच्याही डोक्यात येऊ नये.

"यंत्रातच बिघाड असणार," रमाकांत म्हणाला.

"यंत्राने सांगितलं तेच केलं. तार एक घर पुढे घ्या. तुम्हीच घ्या."

रमाकांतने तार सरकवली. यादी पुन्हा निघाली. ह्याही खेपेला हंगामी एकच: मनमोहन धैर्यवान.

रमाकांत फिदीफिदी हसला. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "बरं झालं, वेळेवर सापडलं." शकू तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

आणि तू रे रघुवीर, असं विचाराल. वीस तारखेला मस्टरवर माझी सही दौलत शिपायाने ठोकली होती. शिवाजी पार्कवर घसा फोडून घोषणा देणारा मी, कार्डावर दिवसभर परळला हजर. सकाळी माझं कार्ड हातात आलं तेव्हा मनमोहनने ते खिडकीच्या उजेडात धरलं, माझ्याकडे बघितलं, आणि यंत्रात घातलं.

संध्याकाळी मी कसंबसं म्हटलं, "मन्या, माझं कार्ड..."

"मला फळ्यातला दोष शोधायला सांगितला होता," तो डबा पिशवीत ठेवत म्हणाला. "तो सापडला."

त्याला पोचवायला मी फाटकापर्यंतसुद्धा गेलो नाही, रमाकांत बघत होता ना. पुढच्याच महिन्यात मला कायम केलं. पत्रात लिहिलं होतं, हजेरी समाधानकारक.